उशीर कुठे गेला?

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. सोनल माझी मावसबहीण, आणि ती वही मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. म्हणून सांगतो, हे घडलेलं आहे.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. भर दुपार, अडीचची वेळ. उरणजवळचं गाव, बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रस्त्याला लागून घर.

त्या दुपारी सोनलच्या नवऱ्याला, प्रज्योतला, काय काय मिळणार होतं ते आधी मांडू. हा हळदी-लग्नांत गाणी लावणारा, घरी लॅपटॉपवर संगीत जुळवणारा माणूस. मुंबईच्या एका संगीतकाराने त्याच्याकडे जुन्या ऑर्केस्ट्राच्या आवाजातलं एक गाणं मागितलं होतं. पाचपर्यंत पोचलं आणि आवडलं, तर कायमचं काम. हळदीत रात्रभर स्पीकरशेजारी उभं राहणं बंद. सासरी 'जावई सध्या काय करतात?' हा प्रश्नही बंद. मला विचाराल तर त्याला हा सासरचा फायदाच मोठा वाटत होता.

आवाज जुना हवा, म्हणून त्याने चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथेसायझर मिळवला. तोही फुकट. धर्मा नावाचा ऑर्केस्ट्रातला वादक चार वर्षांमागे वारला होता, त्याचा. बायको मनुबाई म्हणाली, "न्या बाबा. जागा तरी व्हईल."

फुकट देताना माणूस जरा तरी हळहळतो. मनुबाईने तर एका बाजूने उचलून थेट गाडीपर्यंत आणून दिला.

हे सोनलच्या लक्षात आलं. प्रज्योतच्या नाही.

जोडणी साधी होती. लॅपटॉपमधून एका वायरने हुकूम जायचा, सिंथेसायझर सूर वाजवायचा, आणि तो सूर दुसऱ्या वायरने परत लॅपटॉपमध्ये यायचा. जुनं यंत्र हुकूम ऐकायला किंचित वेळ घेतं. तेवढा उशीर मोजून ठेवावा लागतो, नाहीतर गाणं मागे पडतं. प्रज्योत मोजणार, सोनल लिहिणार. हाताशी कागद नव्हता, म्हणून तिने त्यांच्या लग्नातल्या आहेराची वही काढली. मागची पानं कोरी होती.

"लिही. अकरा."

"अकरा काय?"

"सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले अकरा. म्हातारा झोपेतून उठतोय."

तिने लिहिलं. पुन्हा मोजलं... सात.

तिने लिहिलं. पुन्हा मोजलं... तीन.

तिने लिहिलं... शून्य.

"बघ, तुझ्या अक्षराला घाबरला," प्रज्योत म्हणाला.

"चहा घेतोस?" सोनलने विचारलं.

तो पुढचं मोजत राहिला.

ती आत गेली. पातेलं घासून घेतलं, आधण ठेवलं, आलं ठेचलं. मग बाहेरून आवाज आला... "घेतो."

कामात बुडाला की असाच, असं म्हणून तिने साखर टाकली.

कप घेऊन ती आली तर प्रज्योत हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसलेला.

"लिही. उणे चाळीस."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे मी हुकूम द्यायच्या आधीच हा वाजला."

सोनलचा पेन थांबला... पण तिने लिहिलं.

त्याने गाण्याच्या दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या लावल्या. सिंथेसायझरने दोन ओळी वाजवल्या.

आणि मग तिसरी वाजवली.

ती अजून कुणी लिहिलीच नव्हती.

सोनलने वायरीकडे पाहिलं. हुकमाची वायर लॅपटॉपमधून निसटून खाली जमिनीवर लोळत होती.

"प्रज्योत, बंद कर ते!"

तो लॅपटॉपवर वाकून वाजलेली ओळ उतरवत होता. ओळ संपली. त्याने ती सेव्ह केली. मग तो हसला.

"थांब गं. आयतं मिळतंय."

साडेचारला गाणं पूर्ण झालं. सहाला मुंबईहून फोन आला. पसंत! फोनवर मात्र प्रज्योत फटाफट बोलत होता. सोनल बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रस्त्यापलीकडे पाव आणायला निघाली. वळणावरून एक ट्रेलर रिव्हर्समध्ये मागे येत होता, प्रज्योतची त्याकडे पाठ.

"प्रज्योत, बाजूला हो!"

तो चालत राहिला. तिने धावत जाऊन त्याला ओढलं. तिचा उजवा हात ट्रेलर आणि घराच्या फाटकाचा खांब यांच्यात सापडला.

ट्रेलर गेला. धूळ खाली बसली.

मग प्रज्योतने बाजूला उडी मारली.

ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी बसवल्यावर पंधरा दिवसांनी सोनल मनुबाईकडे गेली. सगळं ऐकून म्हातारीला जराही नवल वाटलं नाही.

"आमच्या ह्यांचं पन तसंच. पावन्यांना झटकन बोलायचे. माझ्या हाकंला तेवढी वो मागाहून. पहिलं घटकाभरानं, मंग दुपारची वो सांजला. मी म्हनायची, बहिरं झालं."

"मग?"

"गेलं तवा मी लई हाका मारल्या." मनुबाई उंबऱ्याकडे बघत होती. "वो आली... बाराव्याला. सगली पावनी पानावर बसली व्हती. सगल्यांनी आयकली."

"तो सिंथेसायझर परत घ्या, मावशी."

"न्हाय बाय. आता त्याच्यात काय हाय? व्हता तो उशीर तुमी काडून घेतला."

सोनलने घरी येऊन वही उघडली. अकरा, सात, तीन, शून्य. सगळं तिच्याच हातचं, आणि तेही लग्नाच्या वहीत.

गेल्या महिन्यात एका सकाळी आठला तिने विचारलं, "चहा घेतोस?" प्रज्योत बूट घालून थेट मुंबईला गेला. तिने आतून कडी लावली.

अकरा वाजून दोन मिनिटांनी, बाहेरच्या खोलीत, रिकाम्या खुर्चीकडून...

"घेतो."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुपारभर ती फोन कानाला लावून बसली. संध्याकाळी प्रज्योत हातात पेढे घेऊन धडधाकट घरी आला. फोन बॅगेत राहिला म्हणाला.

तर गाण्यावर नाव त्याचं. काम त्याचं. सासरी मानही त्याचा. तिकडे सगळे म्हणतात, माणूस हजरजबाबी आहे. पट्टी सोनलच्या मनगटात. आणि रिकाम्या घरात त्याची ओ आली की तो अजून आहे की नाही, हे कळायची वाट बघत बसायचं, तेही तिनेच.

वहीतली शेवटची नोंद तिच्या डाव्या हातची आहे. तीन तास, दोन मिनिटं.

त्याखालची ओळ तिने कोरी ठेवली आहे...