टाकीच्या स्टॉपवर थांबू नका

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. या वयात कुणाला घाबरवून मला काय मिळणार आहे? जे झालं ते माझ्या चुलत बहिणीच्या बाबतीत झालं. तिने ते मला कितीतरी वेळा सांगितलं आणि दर वेळी अगदी तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ती रात्र नव्हती, हे आधीच सांगते.

भर दुपार होती. थंडीचे दिवस, आभाळ भरून आलेलं. आणि जागा म्हणजे विमानतळावरून मोठ्या शहरात जाणारी साधी बस.

घरात तिला आम्ही बेबी म्हणायचो. पन्नाशी उलटली तरी बेबीच. शिवणकामाच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. आईवडील फार लवकर गेले, तिला वाढवलं तिच्या दादाने. शाळेत जाताना तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. वाकडी घालायचा, पण घालायचा. ती अखंड बडबड करायची म्हणून तो तिला टिटवी म्हणायचा.

पुढे दादाला मोठ्या शहरात नोकरी लागली. शहराला पाणी पुरवणाऱ्या टाकीवर तो पंप चालवायचा. टाकी शहराबाहेर होती, विमानतळाच्या रस्त्यावरच. बेबी वर्षातून एकदा त्याच्याकडे जायची. तेव्हा दादा घरी वाट बघत बसायचा नाही. ड्यूटी संपवून तो टाकीच्या स्टॉपवर उभा राहायचा, बेबीची बस आली की मागच्या दाराने चढायचा आणि शेवटच्या सीटवर गुपचूप बसायचा. बेबीने मागे वळून बघेपर्यंत हूं की चूं नाही. मग दोघं शेजारी बसून शहरापर्यंत बोलत जायची.

"घरी गेलं की तुझी वहिनी, पोरं, शेजारीपाजारी. तिथे तू माझ्या वाट्याला येतेस कुठे? ही बसच आपली," असं तो म्हणायचा.

त्या वर्षी मात्र वहिनीचा फोन आला.

"बेबी, असशील तशी निघ. हे पंपावरच कोसळले. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस काढतील की नाही सांगता येत नाही. जवळचं माणूस बोलत राहिलं तर बरं, म्हणतात. माझ्या बोलण्याने काही हलत नाहीत गं. तू ये."

मिळालं ते विमान पकडून बेबी निघाली. विमानतळावर उतरली ती धावतच बसच्या स्टँडवर. बसला वेगळी लेन होती, त्यामुळे ती टॅक्सीच्या आधी पोचते हे तिला ठाऊक होतं. नेहमीसारखी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसली. हातात फक्त पर्स. कपड्यांची बॅग ती विमानतळाच्या पट्ट्यावरच सोडून आली होती.

बसमध्ये माणसं मोजकीच. एक टकला सेल्समन, मांडीवर नमुन्यांची पेटी. एक विणकाम करणारी बाई. दोघं-चौघं झोपलेले.

मागचा अर्धा भाग रिकामा.

बस निघाली. बेबीचं ओठातल्या ओठात सुरू झालं. दादा, थांब. मी आलेय. थांब.

पहिला स्टॉप जवळ आला आणि...

टिंग.

घंटा वाजली. कुणीतरी उतरण्याचं बटण दाबल्यासारखा ड्रायव्हरच्या डोक्यावरचा लाल दिवा लागला. बस थांबली, दोन्ही दारं उघडली.

कुणी उतरलं नाही.

कुणी चढलंही नाही.

फक्त गार वारा आत आला. दारं मिटली, बस निघाली.

पुढचा स्टॉप आला. पुन्हा टिंग. पुन्हा दारं उघडली. पुन्हा कुणी नाही.

तिसऱ्या स्टॉपला सेल्समन वैतागला. "अहो, कोण हा हौशी कलाकार? उतरायचं असेल तर उतरा, नाहीतर हात मांडीवर ठेवून बसा."

विणकाम करणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं.

"मागे कुणी नाहीये," ती म्हणाली.

"मग घंटा काय भूत वाजवतंय?"

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

शेवटची सीट उचलून दुमडणारी होती. माणूस बसला की खाली, उठला की आपोआप वर. बेबीने वळून पाहिलं तेव्हा...

सीट खाली होती.

बेबी उठून ड्रायव्हरजवळ गेली. "भाऊ, माझा भाऊ दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय. नुसत्या घंटेवर थांबू नका हो."

ड्रायव्हर वयस्क होता, आवाजाने मऊ. "ताई, दिवा लागला की थांबायचं, दार उघडायचं. त्याशिवाय दिवा विझतच नाही. आमच्यातला एक जण असाच न थांबता पुढे गेला, तर कायमचा घरी बसला."

टिंग.

तो थांबला. दारं उघडली. वारा आला. दारं मिटली.

बेबीला वाटलं, आपण किंचाळणार. जणू कुणीतरी प्रत्येक स्टॉपवर दार उघडायला लावून बाहेर डोकावत होतं. कुणाला तरी शोधत होतं. आणि तिकडे दादाचा एकेक श्वास कमी होत होता.

तिने वहिनीला फोन लावला.

"आहेत अजून," वहिनी म्हणाली. "पण श्वास फार हळू झालाय. कुठे आहेस तू?"

"टाकी येईल आता."

हे बोलताना तिला रडू फुटलं. आज टाकीवर कोण चढणार होतं? तो तर तिकडे नळ्या लावून पडला होता. आज त्या स्टॉपवर थांबण्याइतका वाया जाणारा वेळ दुसरा नव्हता.

दूरवर टाकी दिसू लागली आणि घंटा वाजली.

या वेळी एकदा नाही. टिंग, टिंग, टिंग... कुणीतरी बोट काढायलाच तयार नव्हतं.

बेबीने ड्रायव्हरच्या सीटची दांडी घट्ट धरली. "टाकीच्या स्टॉपवर थांबू नका. पाया पडते तुमच्या. तिथे कुणी नाही. मला माहीत आहे, आज तिथे कुणी नाही."

"ताई, नियम..."

"माझा दादा मरतोय हो."

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. स्टॉप रिकामा होता. त्याने मान हलवली आणि पाय ब्रेकवरून काढला.

बस स्टॉपपाशी आली...

आणि तिथे दादा उभा होता.

पंपावरचा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. बस थांबवायला हात पुढे केलेला. चेहऱ्यावर तेच हसू, शेवटच्या सीटवर लपून बसण्याआधीचं. त्याने बेबीला पाहिलं. बस थांबत नाहीये हे त्याला कळलं.

हसू गेलं.

तो बसबरोबर दोन पावलं धावला. काचेवर त्याचा तळहात आपटला. तो आवाज विणकाम करणाऱ्या बाईनेही ऐकला, कारण ती दचकून म्हणाली, "काय लागलं हो?"

बेबीचा आवाज फुटेना. फुटला तेव्हा बस पुलावर चढली होती.

"थांबवा. मागे घ्या. थांबवा."

"आता ताई? पुलावर?" ड्रायव्हर म्हणाला. "मागे ट्रकांची रांग आहे. मी तुमचंच ऐकलं ना?"

त्या क्षणी घंटा थांबली. लाल दिवा, जो दार उघडल्याशिवाय विझत नव्हता, तो आपोआप विझला.

मागून आवाज आला.

खट...

सीट वर गेली होती.

शहर येईपर्यंत घंटा पुन्हा वाजली नाही. बस सुसाट गेली. बेबी स्वतःला समजावत राहिली. ताण आहे, झोप नाही, पोटात काही नाही, डोळ्यांना काहीही दिसतं. दवाखान्याच्या जिन्यावर तिची चप्पल निसटली. तिने ती तिथेच सोडली.

दादा जिवंत होता.

तिने त्याचा हात हातात घेतला. उबदार होता. "दादा, मी टिटवी. पोचले बघ मी."

नर्स सलाईन बदलत होती. "तुम्हीच बहीण ना? मघाशी एकदम डोळे उघडले त्यांनी. हात असा लांब केला, बस थांबवतात ना, तसा. मी म्हटलं, काका, कुठे निघालात? तर तसेच बघत राहिले... मग हात खाली पडला. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून श्वास सुधारलाय."

वहिनीने बेबीला मिठी मारली. "तुझ्या पायगुणाने वाचले गं."

खरंच वाचला तो. डॉक्टरही चकित झाले. दादा उठून बसला, जेवू लागला, पुढे चालायलाही लागला. घरी आला.

फक्त दादा आला नाही.

कसं सांगू? मी स्वतः जाऊन पाहिलंय. तोच चेहरा, तेच हात, हनुवटीवरचा तोच वण. घास दिला की खायचा. ऊठ म्हटलं की उठायचा. पण डोळ्यांत कुणी नाही. टिटवी म्हटलं तरी पापणी लवायची नाही. भाड्याने द्यायच्या घराचे दिवे लावून ठेवावेत, तसा तो दिसायचा.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त कमी पडलं. असेलही. मी काही डॉक्टर नाही.

बेबीने शाळा सोडली आणि ती त्याची सेवा करायला कायमची तिकडे राहिली. वहिनीने बराच काळ सोसलं. मग एक दिवस ती बॅग भरून मुलीकडे निघून गेली. जाताना बेबीला म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याला सोडून जात नाहीये. हा तो नाहीच. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे."

बेबीला माहीत होतं. तो कुठे राहिलाय, तेही माहीत होतं.

मग तिचं ते सुरू झालं. शेजारणीला दादाजवळ बसवायचं, उलट्या बसने विमानतळावर जायचं आणि तिथून शहराची बस पकडायची. टाकी आली की स्वतः घंटा वाजवायची. दार उघडलं की पायरीवर उभी राहून हाक मारायची, "दादा, चल. चढ ना रे."

सगळे ड्रायव्हर तिला ओळखू लागले. कुणी कीव करायचे, कुणी चेष्टा. "बाई, तुमचे पाहुणे आज तरी येणार का?" दार मिटलं की जागेवर बसून डोळे पुसायची. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो. मी तिला किती समजावलं. रागावलेसुद्धा.

ती एवढंच म्हणायची, "त्याला मीच मागे टाकलंय, अक्का. मी नाही आणणार तर कोण आणणार?"

अशी वर्षं गेली.

मागच्या थंडीत तिचा मला फोन आला. आवाज इतका हलका, की क्षणभर मी ओळखलाच नाही.

"अक्का, आज चढला."

"कोण चढला?"

"दादा. हाक मारली, दार उघडं होतं... आणि बस मागच्या बाजूने खाली दबली. माणूस चढल्यावर दबते ना, तशी. ड्रायव्हरनेही मागे बघितलं. मग शेवटची सीट खाली गेली. मी वळून नाही बघितलं, त्याचा खेळ मोडेल म्हणून. शेवटच्या स्टॉपवर उतरले तर मागून पावलं आली. घरापर्यंत आली. मी दार उघडं धरलं, म्हटलं, ये."

मी विचारलं, "आणि मग? दादा बोलला? ओळखलं तुला?"



"तेच कळत नाही गं. तो खुर्चीत होता, नेहमीसारखा. मी म्हटलं, आता उठेल, आता हसेल. त्याने मान वळवली, अक्का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे नाही, माझ्या मागे दाराकडे बघितलं. आणि..."

"आणि काय?"

"पाय वर घेतले त्याने. लहान मूल घेतं तसे, पोटाशी. आणि भिंतीला चिकटून कोपऱ्यात सरकला. थरथरत होता."

मी तिला म्हटलं, बेबी, आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन माझ्याकडे निघून ये.

ती हसली. "काहीतरीच काय. सवय होईल त्याला. स्वतःच्याच माणसाला कोण घाबरतं?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीने त्यांच्याकडे येणं बंद केलं. का, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

त्यानंतर मी अजून तिथे गेलेले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगते. आठवड्यातून एकदा फोन करते. बेबी मजेत आहे, पूर्वीसारखी बडबडते. खुर्चीतला दादा आता जेवत नाही, वाळत चाललाय, पण त्याची तिला फारशी काळजी वाटत नाही.

परवा बोलता बोलता ती मध्येच थांबली. मागे कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. शब्द कळले नाहीत. पण आवाज दादाचा नव्हता. बेबीची वेणी घालताना तो गाणी म्हणायचा, ती ऐकत मी मोठी झालेय, तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"अक्का, फोन ठेवते हं," बेबी म्हणाली. "दादा विचारतोय, तू कधी येतेस."