सकाळची शिदोरी

पडद्यावरचा आकडा संगणक विभागातल्या इरफान बागवानने दोनदा वाचला. उरलेला वेळ, नऊ तास चार मिनिटे.

काचेपलीकडे, कोल्हापूरच्या त्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियागृहात, सगुणाबाई चौगुल्यांचे हृदय थांबवून ठेवले होते. गडहिंग्लजला खानावळ चालवणाऱ्या सगुणाबाईंना आज नवी झडप बसायची होती. तपासण्यांवरून पंचवीस नंबरची ठरली होती आणि सकाळी त्यांना तसे सांगितलेही होते. पण हृदय उघडल्यावर झडपेचे कडे एका बाजूला अगदीच पातळ निघाले. पंचवीस बसवली तर ते फाटेल का? तेवीस बसवली तर रक्त पुरेल का? हे सांगू शकणारे एकच होते, सगुणाबाईंच्या हृदयाचे संगणकातले प्रतिरूप. त्यात नवी मापे भरून रक्त गणिताने वाहवून बघायचे.

"इरफान, माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत," ध्वनिवर्धकातून शल्यविशारद डॉ. काळसेकर मॅडमचा आवाज आला. "फार तर."

ग्राफिक्स कार्डावर हेच गणित अकरा मिनिटांत झाले असते. कार्डे कालच बसवली होती. ती वापरायची की नाही, हे प्रतिरूपणाच्या प्रोग्रॅमला एका परिसर-चलातून, म्हणजे नाव दिलेल्या एका सूचनेतून, कळते. एक नाव, त्याची एक किंमत, झाली ओळ. इरफानने ती पडद्यावरच्या आपल्या आज्ञांच्या खिडकीत लिहिली आणि काम पुन्हा पाठवले. नऊ तास. बहुधा कार्डाचा क्रमांक चुकला, असे वाटून त्याने क्रमांक बदलून नवी ओळ सगळ्या प्रोग्रॅमच्या सामाईक यादीतच घातली; खिडकीतली जुनी तशीच राहिली. पुन्हा नऊ तास! चाळिशीतला, हुशार माणूस. पण घाईने हुशारीचे काय करायचे ते केलेच होते.

"मुकादम बंद करून परत चालू करतो," तो म्हणाला.

मुकादम म्हणजे रुग्णालयातली कामे यंत्रांना वाटून देणारा प्रोग्रॅम. इरफानचे कामही त्याच्यामार्फतच जात होते. सगुणाबाईंचे रक्त फिरवणारा पंपही त्याच्याच हाताखाली होता.

"हात काढ आधी तिथून," मागून वसुधाताई घोरपडे म्हणाल्या. मुकादम त्यांनीच लिहिला होता, बारा वर्षांपूर्वी.

"चार मिनिटं पंप हातानं फिरवता येतो की, ताई!"

"येतो. पण घोडं कुठं पेंड खातंय ते तर बघ. प्रोग्रॅम जन्मतो तेव्हा त्याला जन्म देणारा त्याच्या हातात शिदोरी बांधून देतो. हे परिसर-चल म्हणजे ती शिदोरी. एकदा तो घराबाहेर पडला, की मागं तू चुलीवर पुरणपोळ्या केल्यास तरी त्याला काय कळणार? मुकादम सकाळी सहाला निघाला, शिळी भाकरी घेऊन. तो ज्याला ज्याला कामाला लावणार, त्याला तीच भाकरी."

"आणि माझी ओळ?"

"तुझ्या खिडकीतच आहे. तिथूनच सोड ना प्रतिरूपण. तुझं पोर, तुझी शिदोरी."

"पण सगळं मुकादमामार्फतच करायचं, असा नियम आहे."

"मीच केलाय तो. आज मीच मोडते. सोड."

इरफानने खिडकीतली पहिली ओळ, कार्ड एक, तशीच ठेवून तिथूनच थेट आज्ञा दिली. आकडा क्षणभर थबकला आणि अकरा मिनिटांवर आला. ती अकरा मिनिटे दोघेही उभेच होते. पडद्यावर पंचवीसच्या झडपेभोवती कडे लाल झाले, फाटले. तेवीसच्या झडपेतून रक्त सुरळीत वाहत राहिले.

"तेवीस, मॅडम!" इरफान जवळजवळ ओरडलाच.

तासाभराने सगुणाबाईंचे हृदय आपले आपण धडधडू लागले. पंप थांबवला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग वसुधाताईंनी सामाईक यादी उघडली. इरफानची ओळ तिथे तशीच होती : कार्ड दोन.

"कार्डं किती आहेत आपल्याकडं?"

"दोन."

"आणि यंत्र मोजायला कुठून सुरुवात करतं?"

"शून्य, एक..." इरफानने ओळ पुन्हा वाचली. दोन नंबरचे कार्ड नव्हतेच. मुकादमाला परत चालू केले असते, तर त्याने सुरू होताना ही यादी वाचून हीच शिदोरी पंपाच्या प्रोग्रॅमला बांधून दिली असती. तो नसलेले कार्ड शोधत बसला असता आणि उठलाच नसता. हाताने चार मिनिटे पंप फिरवता येतो. तास तास नाही. ज्या शिळ्या भाकरीमुळे मघा त्याचे काम अडले होते, तिनेच बाईंना वाचवले होते. त्याने ओळ पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबाईंच्या घशातली नळी काढली. इरफान दारात उभा होता. डॉ. काळसेकरांनी वाकून विचारले, "कसं वाटतंय, मावशी?"

सगुणाबाईंनी ओठ ओले केले. मधला अख्खा दिवस त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पंचवीस नंबरची नीट बसली न्हवं?"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात इरफान पुढे झाला. "नीट बसली, मावशी," तो म्हणाला. "अगदी तुमच्या मापाची."