चकती पांढरी होती

पहिल्या भेटीतच तो तिच्यावर खेकसला.

"हात काढा! आधी हात काढा!"

तिने दचकून हात मागे घेतला. लॅबच्या खिडकीत एक ताडमाड पोरगा वाकून उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं. टोपी डोक्यावर नव्हतीच, हातातल्या चिमट्यावर झाकलेली होती. ती उचलली तर खाली लोखंडाची चकती, हात लावला असता तर चांगलाच चटका बसला असता अशी.

"बाहेर पाऊस आहे," तो म्हणाला. "ही भिजू नये म्हणून..."

"अहो, पाण्यातच बुडवून आणता ना तुम्ही ती?"

त्याने टोपीकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं.

"...हो की."

आणि हसला. झालं! तिथंच गडबड झाली म्हणा.

ती होती बिडाची फाउंड्री. भट्टीत लोखंड वितळलं म्हणून लगेच साच्यात ओतून मोकळं होता येत नाही. आधी बघायचं, कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक वाढलंय का. त्यासाठी पळीभर रस तांब्याच्या साच्यात घालायचा आणि त्याची बिस्किटाएवढी चकती लॅबमध्ये आणायची. लॅबमध्ये ही पोरगी. ती चकतीचं तोंड घासून साफ करणार, स्पेक्ट्रो मशीनवर ठेवणार, बटण दाबणार. कडकड ठिणगी उडते आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून मशीन ओळखतं, लोखंडाच्या पोटात काय काय दडलंय. मग ती खिडकीतून म्हणणार, "ओता." तिने ओता म्हटल्याशिवाय भट्टी इंचभर कलायची नाही.

फक्त एक मेख होती. चकती झटकन गोठायला हवी. झटकन गोठली की आतून पांढरीशुभ्र, आकडे खरे. तांब्याचा साचा आधीच तापलेला असला तर ती सावकाश गोठते, आतून करडी पडते, आणि मग कार्बनचा आकडा चुकतो. तसली चकती परत. दुसरी आणा.

त्या दिवशीची चकती करडी होती.

"साचा गार होऊ दिला नाही ना?" ती म्हणाली.

"नवीन आहे हो मी भट्टीवर. आत्तापर्यंत घासाई खात्यात होतो, ओतलेली कास्टिंगं घासायला."

"मग दुसरी आणा. आणि टोपी डोक्यावर घाला."

तो धावत गेला, धावत आला. दुसरी चकती झकास होती. ती "ओता" म्हणाली, आणि तो जाताना वळून पुन्हा हसला.

त्याला सगळे लंबू म्हणायचे. आणि तिला सगळी फाउंड्री भाची म्हणायची, कारण भट्टीचा मुकादम तिचा सख्खा मामा होता, आणि तो सगळ्यांचाच मामा होता. लंबू तेवढा मॅडम म्हणायचा.

"सगळे भाची म्हणतात, तुम्हीच का मॅडम?" तिने एकदा विचारलं.

"भाची म्हटलं की मी मामा होणार. मला नाही व्हायचं मामा."

"मग काय व्हायचंय?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. भट्टीपुढं दिवसभर उभा राहणारा माणूस, त्याला एवढ्यानं घाम फुटला!

हळूहळू मॅडमचं 'अगं' झालं, 'अहो'चं 'अरे' झालं. पण खिडकीतली भेट ती केवढीशी? चकती दिली, आकडे आले, ओता, चालला. एके दिवशी आकडे अगदी चोख आले. तो जायला वळला. तिला "ओता" म्हणायचं होतं... आणि तोंडातून भलतंच निघालं.

"थांब. ही पांढरी नाही. दुसरी आण."

तो बिचारा पळाला. ती स्वतःवरच चकित होऊन बसली. चकती तिने गुपचूप खणात टाकली. पाच मिनिटांत तो परत आला, धापा टाकत. "ही बघ, आता साचा चांगला गार केला." ती हसली, तोही हसला, आणि तेवढ्या वेळात पावसाची एक सर येऊन गेली.

एकदा चव लागली की माणूस कुठं थांबतो? रोज नाही, पण अधूनमधून एखादी चांगली चकती परत जायची. कधी म्हणे कडेला भोक आहे, कधी म्हणे करडी वाटते. खण भरत चालला. तिला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय त्यात?

बिघडत होतं. पण ते तिला कळलं घरी, जेवताना. मामा शेजारच्याच घरात राहायचा आणि बहिणीच्या हातचं जेवायला हमखास यायचा.

"त्या लंबूला सोमवारी परत घासाईत पाठवतोय," मामा घास गिळत म्हणाला.

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. "का?"

"हाताला जमत नाही त्याच्या. चकती सारखी परत. तोवर रस भट्टीत बसून राहतो, कार्बन जळून जातो, मग कास्टिंग काचेसारखं कडक. गेल्या आठवड्यात किती भंगारात गेली! पोरगा गुणी आहे रे देवा, भट्टीवर यायला माझ्या किती मागं लागला होता. पण काय करू?"

"मामा, त्याचा हात..."

"काय त्याचा हात?"

"काही नाही."

"आमटी वाढू का गं?" आई म्हणाली. हिला आमटी दिसतच नव्हती.

तिला आठवलं, घासाईची धूळ त्याच्या नखांत अजून होती. भट्टीवरचा पहिला दिवस त्याने तिला दहादा सांगितला होता. आणि आपण एवढ्याशा हसण्यापायी त्याला तिथून उठवतोय. बोलावं तर आपलं काय राहणार? लॅबच्या शब्दावर सगळी फाउंड्री चालते. तो शब्दच खोटा निघाला तर उद्या "ओता" म्हटल्यावर ओतेल कोण?

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ती खण उपसून ॲप्रनच्या ओच्यात चकत्या घेऊन भट्टीपाशी गेली. सगळे होते. लंबू पण होता, खाली मान घालून पळी साफ करत.

"मामा, ह्या फोडून बघा."

"काय आहे हे?"

"फोडा तर."

मामाने एक चकती ऐरणीवर धरली, घण घातला. चकती दुभंगली. आतून खडीसाखरेसारखी पांढरी. दुसरी फोडली. पांढरी. तिसरी. तीही तशीच.

"चांगल्या आहेत की ह्या. मग?"

"ह्या मी परत पाठवलेल्या. त्याचा हात चांगला आहे. मी... मी खोटं बोलले."

मामाचा घण हातातच राहिला.

"का पण?"

तिची मान खाली. सगळे तिच्याकडे बघतायत. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तो परत यावा म्हणून."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. मामाने नुसतं बघितलं, हसणारा साच्यांच्या मागे गेला. लंबूने मात्र खाली पडलेला चकतीचा तुकडा उचलला, उजेडात धरून नीट पाहिला, खिशात टाकला, आणि निघून गेला.

"तो भट्टीवरच राहील," मामा म्हणाला. "पण चकती आता दुसरा माणूस आणणार. आणि तू परत पाठवलेली प्रत्येक चकती मी फोडून बघणार, मी म्हणेन तोवर. कळलं?"

"हो मामा."

"आणि तुझ्या आईला मी सांगणार नाही. तुझं तू सांग."

पुढचे दिवस खिडकीत एक खोकणारे काका चकती घेऊन यायचे. ठेवायचे, खोकायचे, जायचे. ती आकडे वाचायची, "ओता" म्हणायची. लंबू लांबून दिसायचा, पण वळून बघायचा नाही. तिने समजून घेतलं... संपलं.

मग एका संध्याकाळी पाळी सुटताना खिडकीत अंधार झाला. वर बघते तर हा उभा. भिजलेला. दोन्ही हात रिकामे.

"चकती?"

"नाही."

"मग?"

"असाच आलो." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "मॅडम, मला झोप लागत नव्हती, ठाऊक आहे? वाटायचं, हातालाच काहीतरी झालंय. आई रोज काठोकाठ चहाचा कप माझ्या हातात देऊन बघायची, सांडतो का."

ते परत 'मॅडम' तिला चटक्यासारखं लागलं. डोळे भरून आले.

"चुकलं माझं."

"चुकलंच." तो खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवत राहिला. "भाची म्हणायचं टाळत होतो, तरी मामा बनवलंसच की मला."

रडता रडता तिला हसू फुटलं. त्यालाही आवरेना.

"अजून राग आहे?"

"पुष्कळ आहे. एकदम निघायचा नाही. रोज येऊन थोडा थोडा काढीन म्हणतो."

"काम नसताना?"

"कामाचा माणूस तुझ्या मामाने दुसरा नेमलाय. आता मी आलो तर नुसता तुझ्यासाठीच येणार ना." तो वाकला, आवाज खाली आला. "पण एकदा सरळ बोलव की. काही कारण न लावता."

तिने डोळे पुसले. "ये. उद्या ये. परवा ये..."

"आणि आज?"

"आज थांब. मीच येते."

तिने मशीन बंद केलं, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि दार उघडून पावसात बाहेर आली. पलीकडे मामा छत्री उघडत होता. त्याने दोघांना पाहिलं, छत्री मुकाट्याने लॅबच्या भिंतीला टेकवून ठेवली, आणि डोक्यावर रुमाल टाकून एकटाच भिजत घराकडे निघाला.