शंभरावर थांबवा

दुपारचं जेवण झालं की दीप्ती नोकरीचं काम तासभर बाजूला सारायची आणि नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मराठीतून प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा तो ऑनलाइन गट. प्रताप नगरातल्या तिच्या खोलीत कूलर घरघरत असायचा आणि कुठकुठली माणसं तिला ‘ताई’ म्हणत आपापल्या चुका दाखवायची. तिचा नियम एकच: काय हवं होतं आणि काय झालं, दोन्ही लिहा. नुसतं ‘चालत नाही हो’ लिहिणाऱ्याला ती सरळ दारातूनच परत पाठवायची. तरी तिचा जीव होता त्या लोकांत. एखाद्याचा पहिला प्रोग्राम चालला की तिलाच पेढे वाटावेसे वाटत.

एप्रिलमध्ये कामठीच्या मधुकररावांनी गटावर सहा ओळी टाकल्या. अडतीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस, सासरी गेलेल्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर शिकत होता. एकपासून मोजायचं आणि दर चार सेकंदांनी पुढचा आकडा दाखवायचा, एवढाच प्रोग्राम. तोही अजून चालवलेला नव्हता. माग सुरू करण्याआधी मिस्त्रीला दाखवायची सवय, ती इथंही सुटली नव्हती. दीप्तीला हसू आलं. सगळे नवशिके करतात तीच चूक होती. ‘काका, यात थांबण्याची अटच नाही. असा प्रोग्राम जन्मभर चालत राहील. शंभरावर थांबवा,’ असं लिहून तिनं सातवी ओळ जोडून दिली.

अर्ध्या तासात उत्तर आलं, अगदी नियमाप्रमाणे.

‘काय हवं होतं: शंभरावर थांबणे. काय झालं: शंभरावर थांबला. रुखमाचा श्वासही थांबला.’

दीप्तीनं नंबर मागून घेतला आणि फोन लावला.

“महिन्यापासून खाटेवरच आहे ते, बोलत बी नाई,” मधुकरराव बायकोबद्दल सांगू लागले. “घरी न्या म्हणून डॉक्टरनं सांगतलं. म्या तिच्यापाशी बसूनच शिकून राहिलो. शंभर झाले अन् छाती हालेचना. घाबरून तुमची ओळ काढली, परत चालू केला. तं श्वास आला.”

“योगायोग असेल, काका.”

“असंल. पण मंग आकडा एकपासून काहून नाई आला, ताई? एकशे एकपासून आला.”

चुकीचं काहीतरी वाचून सांगत असतील, असं स्वतःला बजावत दीप्तीनं दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर ऑटोनं कामठी गाठली.

खोलीवर टिनाचं छप्पर होतं. खिडकीत ओल्या वाळ्याची ताटी, खाली खाट, खाटेवर रुखमाबाई. शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप. आकडा सतरा हजारांच्या पुढं गेला होता. आकडा बदलला की रुखमाबाईंची छाती वर यायची. दीप्तीनं घड्याळ लावून पाच मिनिटं पाहिलं. एकही चुकला नाही.

तिनं सहा ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. सहा ओळींत काही लपायला जागा तरी कुठं असते? लॅपटॉप उचलून पाहिला. कुठं वायर नाही, काही जोडलेलं नाही.

तेवढ्यात रुखमाबाईंना ठसका लागला.

पडद्यावर तीन आकडे एका दमात पडले. मग पुन्हा चार सेकंद, पुन्हा एक.

त्या प्रोग्रामला कान नव्हते. चार सेकंद थांब, याखेरीज त्याला काही येत नव्हतं. दीप्तीचे हात नकळत जोडले गेले. एवढ्या वर्षांत कुठल्या मशीनपुढं तिला असं वाटलं नव्हतं. भीतीही वाटत होती आणि तिथून उठूही नये असं वाटत होतं.

“बॅटरी मेली आहे याची,” मधुकरराव हळूच म्हणाले. “लाईन गेली तं काय करू, तेवढं सांगा.”

सल्ला देणं एवढंच तिला येत होतं. तिथंच बसून तिनं फोनवरून त्या सहा ओळी गटावर टाकल्या. ‘आपापल्या मशीनवर चालवा. बंद करू नका. कारण विचारू नका, मलाही ठाऊक नाही.’ ताईंचा शब्द कोण मोडणार? तासाभरात एक्केचाळीस जणांनी पडद्याचे फोटो पाठवले. कुणाचाही आकडा एकपासून सुरू झाला नव्हता. कामठीच्या लॅपटॉपवर होता, तोच प्रत्येकाकडे पुढं सरकत होता. घरी पोचल्यावर तिनं स्वतःच्या मशीनवरही चालवला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला. “लाईन गेली, ताई. लॅपटॉप बंद झाला. पण रुखमा श्वास घेऊन राहिली!”

दीप्ती आनंदानं रडली. घरात कुणाला कारण सांगता येईना.

नवव्या दिवशी रुखमाबाई बोलल्या. फोनवर मधुकररावांचा आवाज मात्र पडलेला होता.

“लय दुखून राहिलं म्हणते. पुरे झालं, मले जाऊ द्या म्हणते. एवढ्या संसारात तिनं मले कधी काही मागतलं नाई, ताई.”

दीप्तीनं गटावर लिहिलं: आता बंद करा.

एकेक करत एक्केचाळीस उत्तरं आली. बंद केला. बंद केला, ताई. शेवटी तिनं स्वतःचा बंद केला. बोट बराच वेळ बटणावरच राहिलं होतं.

“लाईन आल्यावर परत लावला होता, तो म्या बी बंद केला,” मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी फोन उशाशी ठेवला.

दीप्ती कान लावून बसली.

श्वास.

चार सेकंद.

श्वास.

तिनं गटावरची आपली पोस्ट पुन्हा उघडली. सहा ओळींच्या खाली बारीक अक्षरांत आकडा होता: ३,११२ जणांनी प्रोग्राम उतरवून घेतला. नावं दिसत नव्हती.

फोनमधून क्षीण आवाज आला, रुखमाबाईंचा.

“झालं का वं, पोरी?”