फडक्यावरचा बोल्ट

"परत बघ."

एवढे दोनच शब्द. पत्र्याच्या भिंतीपलीकडून आलेले, जाड आवाजातले, सावकाश. मी तेव्हा पाच वर्षांची होते, तापाने फणफणलेली, गार लागते म्हणून त्या भिंतीलाच पाठ लावून पडलेली. भिंतीपलीकडे बाबांची शेड. बाबा मोटारसायकली दुरुस्त करायचे. त्याच सकाळी ते आपली गाडी घेऊन माथ्याच्या रस्त्याने गेले आणि परतताना उतारावर त्यांचं पुढचं चाक निखळलं.

बाबांचा चेहरा फोटोत आहे, सदरा आईच्या पेटीत आहे. आवाज तेवढा माझ्या वाट्याला आला. दोन शब्दांचा का होईना, पण माझा. ही गोष्ट मी कधी आईलाही सांगितली नव्हती. सांगितली की वाटून घ्यावी लागते.

मी हवामान कार्यालयात यंत्रं तपासते. पारा खोटं बोलतोय का, वाऱ्याची वाटी अडखळतेय का, हे बघणं माझं काम. उगाच कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. माथ्यावर आमचं एक केंद्र आहे. दरड कोसळल्यापासून तिथे जीप जात नाही आणि वरची यंत्रं आंधळी होऊन बसली आहेत. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जो स्वतःच्या गाडीवर वर जाऊन, नोंद घेऊन, त्याच दिवशी खाली येईल, केंद्र त्याचं. कायमचं."

कायमचं हा शब्द माझ्या कानात घंटेसारखा वाजत राहिला. मी तेव्हा दर वर्षी नेमणुकीचं पत्र आलं तरच नोकरीत राहणारी होते. आणि मला ते केंद्र हवंच होतं, तिथलं आभाळ हवं होतं.

म्हणून मी गाडी मागवली.

ती खोक्यात आली. लोखंडी पिंजरा, वरून पुठ्ठा, आणि आत गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलीसारखी ती. पुढचं चाक वेगळं, हँडल वेगळं, आरसे कागदात गुंडाळलेले. समुद्रापलीकडून आलेली, डांबरावर आणि दगडावर दोन्हीकडे चालणारी, आणि तिच्या जातीतली सगळ्यांत स्वस्त. सोबतच्या पुस्तिकेचं भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे. पहिल्याच पानावर छापलं होतं, 'सर्व नट प्रेमाने आवळावेत.'

कार्यालयातले राजे पिंजरा बघायला मुद्दाम वाट वाकडी करून आले. राजे हे आम्हीच ठेवलेलं नाव; त्यांची गाडी हत्तीएवढी आणि मिशाही तशाच.

"बाई, खोक्यातून घोडी निघाली की खेकडा?"

"चढावर भेटा, राजे. तिथे सांगते."

"चढावर? अहो, आधी फाटकाबाहेर तर काढा!"

स्वस्त गाडीचं असं असतं की कारखान्यात ती जुळवलेली नसते, नुसती एकत्र ठेवलेली असते. कुठे नट दात खाऊन आवळलेला, तर कुठे नुसता हाताने फिरवून सोडून दिलेला. म्हणून अशी गाडी घरी आली की तिला परत जन्म द्यावा लागतो. मी एकेक बोल्ट सोडवला, आटे पुसले, त्यांना निळा गोंद लावला आणि मोजून आवळला. हँडलखालच्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा नुसता वास होता, ते भरलं. साखळी बदलली. कार्ब्युरेटरला पेट्रोल इतकं कंजूषपणे मिळत होतं की गाडी दमेकऱ्यासारखी खोकायची. पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट बदलल्यावर तिचा श्वास मोकळा झाला. पहिलं तेल काढलं तर त्यात चंदेरी भुकटी चमकत होती, मासोळीच्या अंगावर असते तशी. नवीन यंत्राचे दात घासले जातात, त्याची ती भुकटी. पुन्हा तेल भरलं.

आई दारात उभी राहून बघायची. शेडचा उंबरा तिने बाबांनंतर कधी ओलांडला नाही. पण तोंड बंद ठेवणं तिच्या स्वभावात नाही, आणि जे बोलता येत नाही ते ती गुणगुणते.

*घोडं माझ्या लेकीचं, मागेना गं दाणापाणी*
*चढ चढता चढता, त्याच्या गळ्यात तिची गाणी*

"आणि उताराचं काय, आई?"

तिने पुढची ओळ धरली.

*चढाला लागतो जोर, उताराला लागतं भान*
*जाणाऱ्याला ठाव नाही, राहणाऱ्याचे उभे कान*

एवढं गाऊन ती आत गेली.

शेवटी पुढचं चाक बसवलं. चाकाच्या मधून एक जाड दांडा जातो, तो एक्सल. त्याला खालून घट्ट धरून ठेवणारा एक छोटा बोल्ट असतो, चिमट्याचा बोल्ट. तो आवळून मी त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबूनही दिसतं. अशा रेघा मी गाडीभर ओढल्या होत्या. गाडी हळद लावल्यासारखी दिसत होती.

सकाळी शेड उघडली तर चिमट्याचा बोल्ट जागेवर नव्हता. सीटवर माझं पुसायचं फडकं पसरलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध तो उभा होता, डोक्यावर, आटे आभाळाकडे करून.

मीच विसरले असेन, असं मी म्हटलं. माणूस थकला की काहीही करतो. बोल्ट परत लावला. गोंद जरा जास्तच लावला.

तो गोंद एकदा वाळला की बोल्ट सहजी सुटत नाही. तापवावा लागतो, पाना किंचाळतो, आट्यांत निळे तुकडे राहतात. दुसऱ्या सकाळी बोल्ट पुन्हा फडक्यावर होता. आटे स्वच्छ. निळा कणही नाही. आंघोळ घातल्यासारखा.

कुलूप शाबूत होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

मी जमिनीवर पांढरी भुकटी पसरली, दारापासून गाडीपर्यंत. पुन्हा बोल्ट आवळला, पुन्हा रेघ ओढली. सकाळी भुकटीवर फक्त एका पालीची नक्षी होती. बोल्ट फडक्यावर.

या खेपेला मी तो उचलला आणि हात तसाच राहिला. शेड गारठली होती, टाकी गार होती, पाना गार होता. बोल्ट कोमट होता. नुकताच कुणाच्या मुठीतून खाली ठेवला असावा, तसा.

उद्या माथ्यावर जायचं, असं साहेबांनी त्याच दिवशी सांगितलं. राजे जाणार होते आणि मी जाणार होते.

भुकटीवर पाऊल नव्हतं, तरी आता संशय घ्यायला एकच माणूस उरला होता. आईने आयुष्यात कुठली किल्ली सांभाळली नाही. कुठलंही कुलूप ती केसांतल्या पिनेने उघडते. आणि बाबा गेले त्या रस्त्याने मी जावं, हे तिला गोड कसं लागेल? मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. ती कांदा चिरत होती.

"आई, शेडमधला बोल्ट तू काढतेस का?"

"कुठला बोल्ट?"

"पुढच्या चाकाचा. मी जाऊ नये असं वाटत असेल तर तोंडाने सांग ना!"

सुरी थांबली. आईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

"काय म्हणालीस?"

"तोंडाने सांग, म्हटलं."

"सांगते," ती म्हणाली. "तोंडाने सांगते, नीट ऐक. मी नाही काढला. आज नाही, काल नाही, कधीच नाही काढला." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "आणि आता नुसता आवळू नकोस, बाळ. आत काय आहे ते बघ."

"आत म्हणजे कुठे?"

"मला गाड्यांतलं काय कळतंय?" ती पुन्हा कांद्याकडे वळली. डोळे पुसले. कांदा तसा तिखट नव्हता.

मी शेडमध्ये परत आले आणि फडक्यावरच्या बोल्टासमोर बसले. खरंच, दर वेळी मी काय केलं होतं? बोल्ट दिसला की आवळला. तो ज्याला धरून ठेवतो त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. चाक छान फिरत होतं, मग कशाला बघायचं?

परत बघ.

मी एक्सल बाहेर ओढला. वरवर बघता चकचकीत, सरळ, निर्दोष. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्याच्यावर खडूची पूड चोळली. हे यंत्र तपासणाऱ्याचं जुनं काम आहे. धातूला चीर असेल तर तिच्यात रॉकेल शिरून बसतं, आणि मग ते हळूहळू पूड ओली करत बाहेर येतं.

मी बघत बसले. पांढऱ्या पुडीवर, आट्यांच्या मुळाशी, एक काळी रेघ उगवली. केसासारखी. दांड्याला अर्धा वेढा घालून थांबली.

मी तो कोपऱ्यावर लोखंडाची कातकामं करणाऱ्या लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी एक्सल डोळ्याजवळ धरला, मग माझ्याकडे बघितलं. "हा चढावर टिकला असता," ते म्हणाले. "उतारावर ब्रेक दाबलास की संपलं."

"संध्याकाळपर्यंत नवा होईल?"

"होईल. चांगल्या पोलादाचा करतो. नातवंडांना देशील."

दिवस मावळायच्या आत नवा एक्सल बसला. मी चिमट्याचा बोल्ट आवळला, पिवळी रेघ ओढली, फडकं सीटवर तसंच चोळामोळा करून टाकलं आणि कुलूप लावलं.

सकाळी रेघ अखंड होती. बोल्ट जागेवर होता.

फडकं सीटवर चौघडी घालून ठेवलं होतं. काठाला काठ लावून.

मी ते खिशात घातलं आणि निघाले.

राजे पहिल्या चढाला माझ्या पुढे होते. धूळ माझ्या तोंडात, त्यांचा हसण्याचा आवाज माझ्या कानात. दरडीपाशी रस्ता संपला आणि नुसते सुटे दगड उरले. तिथे त्यांचा हत्ती बसला. एका कुशीवर, चाकं हवेत.

मी त्यांना हात दिला, गाडी उभी करून दिली. घामाने त्यांच्या मिशा खाली उतरल्या होत्या.

"जा, बाई," ते म्हणाले. "घोडीच आहे ती. मान्य."

मी गेले. दगडावरून दगडावर. पायांवर उभी राहून, गुडघ्यांत टाकी धरून. ती खोकली नाही, अडखळली नाही. मी आवळलेला एकेक बोल्ट माझ्यासोबत चढत होता. मधेच माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने गातेय. घोडं माझ्या आईच्या लेकीचं.

माथा आला.

वारा असा की उभं राहू देईना. मी आंधळ्या यंत्रांच्या काचा पुसल्या, वाऱ्याची वाटी सोडवली, ती गरगर फिरू लागली. नोंद घेतली. सगळी खोरी पायाशी होती आणि आभाळ हाताला लागत होतं.

मग उतार.

बाबांचं वळण मला ठाऊक होतं. तिथे दरीकडे झुकलेला एक खडक आहे. वळणाआधी ब्रेक दाबावाच लागतो.

दाबला.

पुढचं चाक खाली दबलं. धरून राहिलं.

वळलं.

वळणापलीकडे मी थांबले आणि खाली वाकून बघितलं. पिवळी रेघ अखंड. मी इतकी हसले की खोऱ्यातून ते हसू परत आलं.

साहेबांनी नोंद वाचली, वाचून पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "केंद्र तुमचं." राजांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

आई अंगणात उभी होती. ती धावत आली नाही. आधी गाडीच्या पुढच्या चाकाला हात लावला, मग माझ्या गालाला. त्या आनंदात मी माझी सांभाळून ठेवलेली गोष्ट तिला देऊन टाकली.

"आई, बाबाच होते ते. दुसरं कोण असणार? त्यांचा आवाज आहे माझ्याकडे. ते गेले त्या सकाळी, भिंतीपलीकडून. 'परत बघ.' स्वतःशीच बोलले असतील. तेच आठवलं, म्हणून मी एक्सल काढला. बाबांनी वाचवलं मला."

 आई गाडीजवळच्या पायरीवर बसली.

"त्या सकाळीही बोल्ट फडक्यावर होता," ती म्हणाली. "असाच, पुढच्या चाकाचा. तुझे बाबा हसत आत आले. म्हणाले, 'मी जाऊ नये असं वाटतं तर तोंडाने सांग ना, बोल्ट कशाला काढतेस?' इतकं छान हसले गं. मी काढला नव्हता, पण नाही म्हणाले नाही. त्यांना वाटू दिलं. त्यांनी तो आवळून टाकला."

"आणि मग म्हणाले, परत बघ."

आईने मान हलवली. माझा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"त्यांचा आवाज कापसासारखा होता, हलका. तू ऐकलास तो त्यांचा नव्हता, पोरी. मीही ऐकला तो. ते तेव्हा घरात माझ्यासमोर खाली बसून बूट बांधत होते. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, 'शेडमध्ये कोण आहे?'"