चमकत्या लाटा कोणाच्या?

ही गोष्ट २०६४ सालची. मंगळावरच्या वसाहतीत तेव्हा नुकती शाळा सुरू झाली होती. तिथल्या मुलांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. म्हणून दापोलीच्या शर्वाणीने त्यांच्यासाठी 'आमचा किनारा' हे संकेतस्थळ तयार केलं. संध्याकाळी सहाला ते मंगळाकडे रवाना व्हायचं होतं.

दुपारी तिच्या शाळेतल्या यंत्रमानवाने, म्हणजे तात्याने, ते अडवलं.

"रात्री चमकणाऱ्या लाटांचा हा फोटो कोणी काढला?"

"खाली लिहिलंय की. इंटरनेटवरून साभार."

"हे इंटरनेट कुठल्या गावचं?"

"तात्या, चेष्टा नको. सगळेच असं लिहितात."

"सगळे चुकतात म्हणून तर मला नोकरी आहे."

शर्वाणीचा चेहरा उतरला. तोच फोटो पहिल्या पानावर होता, आणि मंगळावर गेलेलं पान परत बोलावता येत नसे.

"शेजाऱ्यांचा आंबा कुंपणाबाहेर लोंबला म्हणून तो आपला होतो का?" तात्या म्हणाला. "फोटोवर बहुतेक वेळा काढणाऱ्याचा कॉपीराइट (आपलं काम कोणी, कसं वापरावं हे ठरवण्याचा कायदेशीर हक्क) असतो."

"मग नाव लिहिते."

"ते झालं श्रेय. परवानगी वेगळी. आंबा तोडून खाल्लास आणि कोयीवर मालकाचं नाव लिहिलंस, तर मालक खूश होईल?"

शर्वाणीला हसू आलं. "म्हणजे कुठलाच फोटो नको?"

"तसं नाही. काहीजण आधीच मुक्त परवाना (ठरावीक अटींवर वापरायला सर्वांना दिलेली मोकळीक) देऊन ठेवतात. तुझा तो खेकड्याचा फोटो तसला आहे. त्याच्याखाली छायाचित्रकाराचं नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवान्याचं नाव लिही. तू तो कापून लहान केलास, तेही सांग. अटी मात्र दर वेळी वाचायच्या."

खेकड्याचं काम झटपट झालं. लाटांना असा परवाना नव्हता. शोधता शोधता मूळ पान सापडलं, हर्णैच्या नसरीन मुकादम यांचं. फोटो कुठे आणि कशासाठी हवा, हे शर्वाणीने त्यांना लिहून कळवलं.

पाच वाजून गेले तरी उत्तर नाही. जड मनाने तिने लाटा काढून टाकल्या. तेवढ्यात नसरीनबाईंचा फोन आला.

"मंगळावर पाठवतेस होय गं पोरी? पाठव की. नाव तेवढं नीट लिही. आणि कडा कापू नकोस, कोपऱ्यात माझ्या भावाची होडी आहे."

सहाच्या आत लाटा पहिल्या पानावर परत लावून झाल्यावर शर्वाणीला इतकं हायसं वाटलं की ती तात्याच्या पत्र्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली.

पुढे ती समुद्रशास्त्रज्ञ झाली. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर तात्याला वाचनालयात बसवलं. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. नसरीनबाईंच्या लाटा मंगळावरच्या वर्गात लागल्या, होडीसकट. आणि तिथल्या मुलांनी आपल्या लाल टेकड्यांचे फोटो मुक्त परवान्याने पृथ्वीवर धाडले. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव होतं.