कालवड शांत झाल्यावर

सप्टेंबर २०१४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बव्हेरियातल्या एका गावात डोंगरावरची गुरं खाली उतरत होती. एक कालवड रांग तोडून पळाली.

भुरभुर सुरू झाली म्हणून कुणीतरी फटकन छत्री उघडली होती. तोच माणूस आता चिखलातून तिच्यामागे धावत होता. "अगं बाई, थांब ना..."

अहिल्या सुई घेऊन उभी होती. ती येना शहरातल्या विद्यापीठात पीएचडी करत होती. उतरणीच्या श्रमांनी गुरांचं रक्त कसं बदलतं, हा तिचा विषय. शेतकऱ्याने कालवड धरून आणली.

"हिचं रक्त आता माझ्या कामाचं नाही," ती त्या छत्रीवाल्याला मराठीत म्हणाली. "त्यात डोंगर कमी, तुमची छत्रीच जास्त."

तो चमकला, मग ओशाळून हसला. गौरांग, रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यातला इंजिनियर.

"आल्झो... म्हणजे, माझं चालेल का? मीही पळालोय."

त्या हिवाळ्यात तो सुट्टी मिळेल तेव्हा येनाला येऊ लागला. भ्यालेल्या जनावराचं रक्त भीतीबद्दलच सांगतं, जनावराबद्दल नाही, हे तिने त्याला समजावलं. मग तुझ्यासमोर मी कायमचा बाद नमुना, असं तो म्हणे. ती त्याच्याकडे न बघता हसे.

मार्चमध्ये ती एका परिषदेला निघाली असताना तो येनाच्या फलाटावर धावत आला. कंपनीने त्याला पुण्याला परत बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"तू म्हणालीस तर नाही जाणार. अहिल्या— लग्न करशील माझ्याशी?"

होकार तिच्या ओठांवर होता. तिने त्याचा सुटलेला मफलर नीट केला.

"धापा टाकत विचारलेलं मी धरत नाही. आधी शांत हो... मग विचार."

अर्धी थट्टाच होती ती. त्याने मान डोलावली. "गेनाऊ. अगदी बरोबर."

तो शांत झाला. रविवारी फोनवर त्याचा आवाज अगदी सपाट होता. जातोय, म्हणाला, विचारलं काहीच नाही. शांतपणे आलेलं उत्तर खरं मानून तिने शुभेच्छा दिल्या.

उन्हाळ्यात तपासण्यांचे निकाल लागले. श्रमांनी गुरांच्या रक्तात वाढलेलं लॅक्टेट खाली पोचल्यावर लवकरच उतरलं होतं. स्नायूंना इजा झाली की रक्तात येणारं एन्झाइम मात्र नंतर चढत गेलं होतं, गुरं कुरणात निवांत रवंथ करत असताना. अहिल्याला रविवारचा तो सपाट आवाज आठवला.

मग तिने त्याला लिहिलं, "त्या दिवशी माझं उत्तर हो होतं."

काही दिवसांनी त्याचा एवढाच प्रश्न आला, "यंदा गुरं कधी उतरणार?"

तिने तारीख कळवली. त्यावर काही आलेलं नाही. गुरं उद्या सकाळी उतरणार आहेत.